आक्का चुकीचं वाचायची

आक्का, तुझ्या नावावर वाचनालयाचं एक पुस्तक अजून बाहेर आहे. ती जाड कादंबरी, मुखपृष्ठावर बंदूक उलटी रोवलेली आणि तिच्यावर टोप अडकवलेला. तू गेलीस त्याला तीन आठवडे होत आले. भूमच्या वाचनालयात टेबलामागे बसून मी रोज ठरवतो की आज वाडीला जायचं आणि ते आणायचं. रोज काहीतरी निघतं. कधी एसटी चुकते, कधी मीच ती चुकवतो. सख्ख्या बहिणीच्या घरी जायला माणूस इतका का कचरतो, ते कळत नव्हतं. काल गेलो. तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझं चित्त थाऱ्यावर यायचं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पण आधी तुझ्या दहाव्याचं सांगतो. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. प्रवचन झालं, श्रद्धांजल्या सुरू झाल्या आणि तुझा एक जुना विद्यार्थी माईकपुढे आला. हल्ली तो कवी आहे. त्याने तुझ्यावर कविता केली होती, ‘वीरपत्नी’. पहिल्या कडव्यात दाजी सरहद्दीवर लढले. दुसऱ्यात छातीवर गोळी झेलून पडले. तिसऱ्यात तू कुंकू पुसलंस आणि उरलेला जन्म गावच्या पोरांना शिकवण्यात घातलास. आणि दाजी पहिल्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून, हे सगळं ऐकत होते. तुझे मालक फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले, बर्फातल्या चौकीवर डाव्या पायाची दोन बोटं गमावून का होईना पण धडधाकट घरी आले, हे तुला काय सांगायचं. त्या कवीला कुणीतरी सांगायला हवं होतं. मागून दोघातिघांनी खुणा केल्या, पण तो डोळे मिटून म्हणत होता. संपल्यावर मी दाजींना म्हणालो, “मनावर घेऊ नका.”

ते म्हणाले, “चांगली व्हती की. खड्या आवाजात म्हणला.”

मला तिथे बसवेना. उठून बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा उठलो. लोकांना वाटलं, भाऊ शोकाने सैरभैर झालाय. शोक होताच, पण डोक्यात तुझं वाक्य घुमत होतं. आपल्या वादात तू ते किती वेळा माझ्या तोंडावर फेकलंस: “मेलेल्या फौजीची कविता व्हते. परत आलेल्याचं काय व्हतं? रेशनकार्डावर नाव चढवायचं अन् गप बसायचं.” मी दर वेळी उत्तर द्यायचो की मरणाला आकार असतो, कवितेला आकार लागतो. तू म्हणायचीस, “आकार घाल चुलीत.” तुझ्याच दहाव्याला त्या पोराने तुझी बाजू सिद्ध करून दिली, आणि मला हार कबूल करायला समोर तू नव्हतीस.

निरोपाच्या कविता तर तुला मुळीच सोसायच्या नाहीत. त्यात आई औक्षण करते, बायको डोळ्यांतलं पाणी परतवते, आणि तो वेशीपाशी एकदा मागे वळून बघतो. मला त्या आवडतात. अजूनही आवडतात, लपवत नाही. दाजी बर्फातल्या चौकीवरून पहिल्यांदा सुट्टीवर आले होते, आणि सुट्टी संपल्यावर आपण दोघे त्यांना पोचवायला येडशीच्या स्टेशनावर गेलो, ते तुझ्या लक्षात असेल. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि गाडी हलायच्या आधीच मनात कडवं जुळवत होतो. तुम्ही दोघं काय बोललात? पडवीला पत्रे घालायचे, ते जाड की पातळ. बस. गाडी सुटली तरी तू खिडकीबरोबर चालत म्हणत होतीस, “जाडच घेते मग.” दाजी म्हणाले, “व्हय. अन् उतार नीट द्याय सांग.” माझं कडवं तिथेच विरलं. मी चिडून विचारलं, “एवढंच बोलायचं असतं व्हय?” तू म्हणालीस, “मग काय गाणं म्हणू?”

तिथून तू माहेरी आलीस, तर उजव्या हातात एकच बांगडी. आई बोललीच, की भरल्या घरच्या बाईचा हात असा बरा दिसतो का. तू म्हणालीस, “न्हाणीत पाय घसरला.” दुसऱ्या दिवशी कासाराकडे जाऊन हात भरून आलीस आणि तो विषय संपला.

पत्रे जाडच आले. त्या पडवीत दाजींची बाज पडली ती कायमची. सुट्टीवर आले की बाहेर, पेन्शनीत निघून घरी आले तरी बाहेर. थंडीत दोन घोंगड्या, पावसात बाज भिंतीला सरकवायची, पण उंबऱ्याच्या आत म्हणून झोपायचं नाही. भावकीतल्या बायका तुला आडून विचारायच्या. तू म्हणायचीस, “त्यांना वारं लागतं.” आणि आत, दाराला कडी न लावता झोपायचीस. चोराचिलटाचं भय घातलं की म्हणायचीस, कडी कुरकुरते. एवढं तेल होतं घरात, पण त्या कडीला तू कधी तेल घातलं नाहीस.

मला वाटतं, तुझं वाचन त्या बाजेपासून सुरू झालं. दाजी बोलत नव्हते. म्हणजे पेरणीचं बोलायचे, म्हशीचं बोलायचे, तिकडचं नाही. मग तू पुस्तकात शोधायला लागलीस. बाजाराच्या दिवशी वाचनालयात यायचीस, माझ्यासमोर खव्याचा पुडा ठेवायचीस आणि विचारायचीस, “लढाई असलेलं काय आलंय का?” तुझ्या वयाच्या बाया व्रताची नाहीतर लोणच्याची पुस्तकं न्यायच्या. मी तुला सेनापती म्हणायचो. कपाटातल्या सगळ्या युद्धकथा, सगळे कवितासंग्रह तू संपवलेस आणि प्रत्येकाला नावं ठेवलीस. ह्यात रक्ताची फुलं होतात. ह्यात शत्रूलासुद्धा शुद्ध मराठी येतं. ह्यात मरताना माणूस पानभर बोलतो, मग मरतो. ह्यात बायको फक्त पत्र वाचते, दुसरं कामच नाही तिला. एक कादंबरी तेवढी तुला बरी वाटली होती, कारण तीत एकाचा दात दुखत होता. “लढाईतबी दात दुखत असंल की,” तू म्हणालीस आणि ती पुन्हा नेलीस.

संध्याकाळी पडवीत बसून तू मोठ्याने वाचायचीस. दाजी अंगणाकडे तोंड करून शेंगा फोडत बसायचे, पाठ तुझ्याकडे. ऐकतात की नाही, कळायचं नाही. मी रविवारी यायचो, चहा प्यायचो आणि मनातल्या मनात तुझ्या वाचनाला गुण द्यायचो. शाळेतल्या बाईंचं वाचन, स्वल्पविरामालासुद्धा थांबायचीस. अशाच एका रविवारी तू वाचलंस, “आणि दमलेले जवान बूट घालूनच गाढ झोपी गेले.” माझा चहा तसाच राहिला. ती कादंबरी मी वाचली होती. त्या पानावर बूट नव्हते आणि झोपही नव्हती, सुभेदाराचं भाषण होतं. मी म्हणालो, “आक्का, हे कुठं...” तर तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की चार दिवस वळ होता.

आणि दाजी, पाठ तशीच ठेवून, म्हणाले, “बूट काढावं लागत्यात. घामाचा मोजा पायात ऱ्हायला की गोठतो. मोजं काढून पोटाशी धरायचं, अंगाच्या उबंनं वाळवायचं.” दोनतीन शेंगा फोडल्या. मग म्हणाले, “म्या दोन दिस न्हाय काढलं.”

इतकी वर्षं आपण घरातले सगळे बोटांना गोळी लागली असं समजून चाललो होतो. तू पुस्तक मांडीवर तसंच धरून बसली होतीस, पुढचं वाचत नव्हतीस.

नंतर मला गोठ्याकडे नेऊन तू सांगितलंस, “ह्यांना इचारलं की मुके व्हतात. चुकलं की बोलतात. फौजी माणूस हाय, चुकीचं पचत न्हाय.” म्हणून तू चुकीचं वाचायचीस. जाणूनबुजून, ठरवून, पुस्तकात नाही ते घालून. मला ते मुळीच पटलं नाही. लेखकाने जीव ओतून लिहिलेलं असं फिरवायचं म्हणजे काय, असं मी तावातावाने बोललो. तू म्हशीला पेंड घालत म्हणालीस, “त्यानं पैलं खोटं लिव्हलं. म्या दुसरं खोटं वाचते. दोन खोट्यांच्या मधनं खरं निघतंय, तर तुझं काय जातंय?” यावरचं उत्तर आजही मी शोधतोय, सापडलं तर कळवायलाही आता सोय नाही.

त्यानंतर रविवारची मी वाट बघायला लागलो. तू वाचलंस, की चौकीवर जवानांनी गरम पोळ्यांवर ताव मारला. दाजी म्हणाले, “तिथं भूकच मरती. जेवा म्हणून हुकूम सोडावा लागतो.” एका कवितेत खरंच छापलेलं होतं की तो क्षणभरही भ्याला नाही. ते तू न बदलता वाचलंस, तर दाजी उठून म्हशीकडे निघून गेले. तू मला म्हणालीस, “बघ, तुझा कवी माझ्यापरीस खोटा.” आणि ती लाडवांची गोष्ट. त्यात एक जवान मरतो आणि मागून त्याच्या घरचा डबा येतो. सोबती तो डबा न उघडता बर्फात पुरतात. गोष्ट चांगली आहे, मला रडू आलं होतं. दाजी म्हणाले, “आमी खाल्ले. एकाचा आलता डबा असाच, त्याची बॉडी खाली नेल्यावर. समद्यांनी वाटून खाल्ले. लई चांगले व्हते लाडू.” मग हात झटकून शेताकडे गेले आणि जेवायला आलेच नाहीत. तू त्या दिवशी पुस्तक न मिटता तसंच उपडं ठेवलंस आणि मला म्हणालीस, “हे लिव्हावं की एखाद्यानं.”

मी लिहिलं नाही. मी भाषण केलं. धाराशिवच्या त्या साहित्य मेळाव्यात मला ‘मराठी साहित्यातला सैनिक’ असा विषय दिला होता. मी जोरात बोललो. शेवटी म्हणालो की परतलेल्या सैनिकाला छप्पर सोसत नाही. रणांगणाचं आभाळ त्याच्या डोळ्यांतून जात नाही, म्हणून तो आपल्याच घराबाहेर झोपतो. टाळ्या पडल्या. तू मागच्या रांगेत होतीस, आणि एसटी स्टँडवर मला धरलंस. “तुला कुणी सांगितलं?”

मी म्हणालो, “कुणी सांगायला कशाला पायजे? सगळ्या कादंबऱ्यांत तसंच असतं.”

“म्हणून तर इचारते. तुला कुणी सांगितलं?”

त्यानंतर बरेच दिवस तू वाचनालयात फिरकली नाहीस. मला वाटलं, नवऱ्याचं चारचौघांत काढलं म्हणून रागावलीस. तसं नव्हतं, हे मला नंतर कळलं. तुला राग आला होता तो वेगळा. जे उत्तर तू वर्षानुवर्षं ओळीओळीने शोधत होतीस, ते मी टाळ्यांसाठी एका वाक्यात देऊन टाकलं होतं, आणि ते बरोबर की चूक हे तुलाही ठाऊक नव्हतं.

तू प्रयत्न केलेस, मी साक्षीला होतो. “घरी आल्यावर तो आपल्या खोलीत निवांत झोपला,” तू वाचलंस. दाजी शेंगा फोडत राहिले. दुसऱ्या पुस्तकातून वाचलंस, तिसऱ्यातून वाचलंस. कधी नायकाला माडीवर झोपवलंस, कधी बायकोशेजारी. बुटावर बोलणारा, भुकेवर बोलणारा माणूस या एका चुकीवर दुरुस्ती करायला तयार नव्हता. एकदा तू पुस्तक मिटून मला हळूच म्हणालीस, “मला एवढंच कळाय पायजे, आत काय हाय त्यांना सोसत न्हाय असं. घर सोसत न्हाय का मी?” मी म्हणालो, असं काय बोलतेस. तू म्हणालीस, “बरं.” आजारपणातही तुझी खाट दारासमोर होती, बाज दिसेल अशी.

हेच मनाला लागून राहिलंय. बाकी सगळं तू मिळवलंस आणि तेवढं एक न कळता गेलीस.

तेरावा झाला, तुझी लेक तिच्या घरी गेली. परवा तिचा फोन आला. “मामा, बाबा आत झोपाय लागलेत. बरं झालं, थकले असतील.” मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला, आणि मग बसवेना. काल एसटी पकडली.

पडवीत बाजेची जागा रिकामी होती. बाज आत, तुझी खाट होती त्या जागेवर. दाजी पडवीत बसले होते, समोर शेंगांचा ढीग, माझ्याकडे पाठ. चहा त्यांनीच केला. पुस्तक कोनाड्यात होतं. मी ते घेतलं आणि लगेच निघायचं सोडून तुझ्या जागेवर बसलो. विचारलं तर मुके होणार, हे ठाऊक होतं. म्हणून पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. आधी जे होतं तेच वाचलं, पानभर. मग माझ्या तोंडून आलं, “घरी आल्यावर त्याला छप्पर सोसेना, म्हणून तो बाहेर झोपू लागला.” ते पुस्तकात नव्हतं. ते माझ्या भाषणातलं होतं, टाळ्या पडलेलं.

दाजींचा हात थांबला. “छपराचं काय न्हाय,” ते म्हणाले.

मी पुढचं विचारलं नाही. तुझ्याकडून तेवढं शिकलोय.

“पैल्या सुट्टीला आलो,” ते म्हणाले. “झोपंत कायतरी दिसलं. जागा झालो तर तिचा हात माझ्या हातात, पिरगाळलेला. बांगड्या फुटून रुतल्या व्हत्या. ती ना रडली ना वरडली. म्या डोळं मिटून पडून ऱ्हायलो. सकाळी मलाच सांगती, न्हाणीत पाय घसरला. मला ठावं न्हाय असं तिला वाटलं. म्याबी वाटू दिलं.” ढिगातली एक शेंग उचलली आणि तशीच परत टाकली. “मग पडवीला पत्रं घालाय सांगितलं.”

येडशीचं स्टेशन माझ्या डोळ्यांपुढे आलं. जाड की पातळ. मी ज्याला कविता म्हणत नव्हतो, ते.

मी म्हणालो, “तिला सांगायचं की, दाजी. जन्मभर शोधत होती ती.”

“सांगितलं असतं तर आत या म्हणली असती.”

ते खरं आहे, आक्का. तू म्हणाली असतीस. तुझा हात मोडला असता तरी म्हणाली असतीस, आणि आईला सांगितलं असतंस की न्हाणीत घसरले. म्हणून त्यांनी ती एक चूक कधी दुरुस्त केली नाही. घर सोसत नव्हतं असं नाही, आणि तू तर नाहीच नाही. हे तुला कालपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आज मी सांगतोय. इतक्या कादंबऱ्या तू पालथ्या घातल्यास, त्यांत सैनिकाचं दुःख शंभर तऱ्हांनी होतं. त्या दुःखाचा आपल्या बायकोला धक्का लागू नये म्हणून जन्मभर बाहेर थंडीत पडणारा माणूस त्यांत नव्हता. असता तरी मी त्याला कंटाळवाणा म्हटलं असतं.

थोड्या वेळाने दाजी म्हणाले, “तीबी असंच वाचायची. पुस्तकात नसलेलं. पान उलटल्याचा आवाज यायचा न्हाय अन् गोष्ट तर पुढं जायाची.”

“तुम्हाला कळायचं?”

“म्हणून तर बोलायचो. न्हाय तर थांबली असती वाचायची.”

मी उगाच पानं चाळत बसलो. अंधारायला आलं, शेवटच्या एसटीची वेळ झाली. पुस्तक मी परत कोनाड्यात ठेवलं. राहू दे तुझ्या नावावर. वाचनालयात कुणी विचारलं तर सांगेन, वाचून व्हायचंय.

उंबऱ्यापाशी माझा पाय अडला. आत बाज, तिच्यावर दोन्ही घोंगड्या घडी करून ठेवलेल्या. मी न राहवून विचारलं, “मग आता आत कसे झोपता?”

“आता कुणाला लागायचंय?” ते म्हणाले.

मी चपला घातल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “दाजी, एकटे आहात, आतून कडी लावून घेत जा.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “ती लावत नव्हती.”